कार्ड चालत नाही. दोष नेमका कशात आहे?

वाचकांचे प्रश्न

बँकेचे कार्ड खराब होणे, ते बदलून घेणे आणि नवे कार्ड जपणे या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. अनेक प्रश्न एकसारखे असल्यामुळे ते एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, येथे उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांत ‘कार्ड डीमॅग्नेटाइज झाले’, म्हणजे त्याच्या पट्टीतले चुंबकत्व पुसले गेले, असे निदान आधीच करून टाकलेले आहे. आमचा पहिला आक्षेप त्या निदानालाच आहे.

प्रश्न : माझ्या पर्सचे झाकण चुंबकाने बंद होते. मध्यंतरी एका दुकानात कार्ड स्वाइप केले, तर यंत्राने ते वाचलेच नाही. पर्सच्या चुंबकामुळे कार्ड पुसले गेले असावे, असे दुकानदार म्हणाले. बँकेत विचारले, तर नवे कार्ड घ्यावे लागेल असे उत्तर मिळाले. जुन्याच कार्डाची पट्टी पुन्हा भरून मिळत नाही का? शिवाय कार्डावरची माहिती पुसली गेली म्हणजे खात्यातल्या पैशांना काही धोका आहे का?

उत्तर : पैशांची काळजी करू नका. पैसे कार्डात नसतात, ते बँकेच्या हिशेबात असतात; कार्ड म्हणजे त्या हिशेबापर्यंत पोहोचण्याची ओळख, एवढेच. कार्डाच्या मागच्या बाजूला जी काळी किंवा तपकिरी पट्टी दिसते, तिच्यात अतिशय बारीक चुंबकीय कण बसवलेले असतात आणि त्यांचे ध्रुव उलटसुलट करून तिच्यावर कार्डाचा क्रमांक, खातेदाराचे नाव, कार्डाची मुदत आणि कार्डाचा खरेपणा पडताळण्यासाठी लागणारे काही अंक लिहिलेले असतात. पट्टीत तीन समांतर मार्गिका असतात. पहिलीत जास्तीत जास्त ७९ अक्षरे आणि दुसरीत ४० अंक मावतात. तिसरी बँकेच्या कार्डांत क्वचितच वापरली जाते. पोस्टकार्डावरच्या दोन-तीन ओळींत संपेल एवढाच हा मजकूर आहे, पण त्यातले एखादे अक्षर जरी बिघडले, तरी शेवटी दिलेल्या पडताळणीच्या खुणेशी बेरीज जुळत नाही आणि यंत्र सगळा मजकूर नाकारते. पट्टी अर्धवट खराब झाली तरी कार्ड पूर्ण मेल्यासारखे वाटते, ते याच कारणाने.

आता पर्सच्या चुंबकाकडे वळू. पट्टीवर लिहिलेले पुसायला किती जोर लागतो, हे ‘ओर्स्टेड’ या एककात मोजतात आणि त्या हिशेबाने पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. कमी जोराची पट्टी सुमारे ३०० ओर्स्टेडला दाद देते. हॉटेलच्या खोल्यांच्या किल्ल्या म्हणून जी कार्डे देतात, ती बहुधा अशी असतात, कारण प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी ती पुन्हा लिहावी लागतात. जास्त जोराच्या पट्टीला साधारण २,७५० ओर्स्टेड किंवा त्याहून अधिक लागतात, आणि बँका आता प्रामुख्याने हीच पट्टी वापरतात. हवेत हा आकडा आणि चुंबकाच्या बळाचा गॉसमधला आकडा सारखाच धरता येतो, त्यामुळे तुलना सोपी होते. फ्रिजवर चिठ्ठी अडकवायच्या पातळ चुंबकाचे बळ त्याच्या पृष्ठभागावर सहसा शंभर गॉसच्या आगेमागे असते. त्याने हॉटेलच्या किल्लीलाही सहजासहजी धक्का लागत नाही, मग बँकेचे कार्ड तर दूरच राहिले. निओडिमियम नावाच्या धातूचे, आकाराने लहान पण विलक्षण ताकदीचे जे चुंबक हल्ली मिळतात, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्या पृष्ठभागावर काही हजार गॉस सहज भरतात आणि काही पर्सच्या कड्यांत, मोबाइलच्या झाकणांत तेच बसवलेले असतात. तरीसुद्धा असे चुंबक पट्टीला अगदी चिकटून असेल तरच खरा धोका संभवतो. चुंबकापासून थोडे दूर गेले की त्याचे बळ अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की सुमारे एक-अष्टमांश उरते. कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात असेल आणि कडी बाहेरच्या झाकणावर असेल, तर तिच्यावर आरोप ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल. त्याऐवजी पट्टी उजेडात तिरकी धरून पाहा. लांबीला समांतर ओरखडे, झिजून पांढुरका पडलेला भाग किंवा तेलकट थर दिसला, तर कार्ड पुसले गेलेले नसून झिजलेले किंवा मळलेले आहे असे समजावे. मळ असेल तर किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पट्टी हळूच पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावर पुन्हा वापरून पाहावी. दोष दुकानातल्या यंत्राचाही असू शकतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या यंत्रावर पडताळल्याशिवाय कार्डाला नावे ठेवू नयेत.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. काही दुकानदार न वाचले जाणारे कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वाइप करतात आणि ते खरोखर चालते. ही जादू नाही. पट्टी वाचणाऱ्या हेडपासून केसभर दूर गेल्यामुळे ओरखड्यांमुळे होणारी खळखळ मंद होते आणि मूळ खुणा त्यातून उठून येतात. मात्र पूर्ण पुसल्या गेलेल्या पट्टीला या युक्तीचा काडीचाही उपयोग नाही. उलट, पिशवीत कार्ड चालले तर पट्टीतले चुंबकत्व शाबूत आहे याचा तो पुरावाच झाला.

जुनी पट्टी पुन्हा लिहून देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण बँका ते करत नाहीत आणि आमच्या मते ते योग्यच आहे. पट्टीवरचे पडताळणीचे अंक बँकेच्या गुप्त किल्लीने काढलेले असतात. ती किल्ली कार्डे तयार होतात तेथील बंदिस्त यंत्रणेत राहते, आणि शाखेतल्या टेबलावर ती नसणे हीच आपल्या सुरक्षिततेची हमी आहे. शिवाय झिजलेल्या पट्टीवर पुन्हा लिहिले तरी ते फार दिवस टिकणार नाही. ‘पट्टी रिपेअर करून देतो’ असे बाहेरचे कोणी सांगत असेल, तर त्याच्या हाती कार्ड मुळीच देऊ नये. पट्टी लिहू शकणारे यंत्र ती वाचूही शकते.

प्रश्न : माझे कार्ड दुकानात चिप घालून व्यवस्थित चालते, टेकवले तरी चालते, पण एका एटीएममध्ये ते आतच घेतले जात नाही आणि दुसऱ्या एटीएममध्ये मात्र चालते. कार्ड चांगले समजायचे की वाईट?

उत्तर : आपला प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण कार्ड चालते किंवा चालत नाही असे सरसकट म्हणता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. आजच्या कार्डात तीन वाटा असतात : मागची चुंबकीय पट्टी, पुढची सोनेरी चिप, आणि टेकवून पैसे देण्यासाठी प्लॅस्टिकच्या थरांमध्ये दडवलेले बारीक तारेचे वेटोळे, म्हणजेच अँटेना. चिप आणि अँटेना एकमेकींशी जोडलेल्या असतात, पट्टी मात्र पूर्ण स्वतंत्र असते. यातून निदानाची पद्धत आपोआप निघते. चिप घालून चालते, टेकवून चालते, पण स्वाइप होत नाही, तर पट्टी गेली. टेकवून चालते पण आत घातल्यावर वाचले जात नाही, तर चिप जिवंत आहे आणि तिच्या सोनेरी पृष्ठभागावर मळ बसला आहे किंवा तो झिजला आहे. आत घालून चालते पण टेकवून चालत नाही, तर बहुधा अँटेनाची तार तुटली आहे. अर्थात टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये बंद तर नाही ना, हे आधी पाहावे. आत घालून आणि टेकवून, दोन्ही प्रकारे चालत नसेल, तर चिपच निकामी झाली असे धरायला हरकत नाही.

आपल्या बाबतीत संशय पट्टीवर आहे. कार्ड स्वतः आत ओढून घेणाऱ्या काही एटीएममध्ये तोंडाशी पट्टी वाचणारे एक छोटे यंत्र बसवलेले असते. आत सरकवली जाणारी वस्तू खरोखर कार्डच आहे ना, हे ते पट्टीवरून ओळखते आणि मगच झडप उघडते. पट्टी मेलेली असेल, तर पुढचा सगळा व्यवहार चिपवर होणार असूनही कार्डाला दारातूनच परत पाठवले जाते. जेथे कार्ड हाताने आत घालून तसेच ठेवावे लागते, त्या यंत्रांत अशी अडवणूक सहसा होत नाही. तेव्हा कार्ड वापरण्याजोगे आहे. पण ऐन गरजेच्या वेळी पहिल्या प्रकारचेच एटीएम समोर आले, तर पंचाईत होईल. घाई न करता, पण विसरूनही न जाता, ते बदलून घ्यावे.

यंत्राच्या पडद्यावर नेमके काय उमटते, हे वाचण्याची सवयही लावून घ्यावी. ‘कार्ड वाचता आले नाही’ हा संदेश आणि ‘व्यवहार नाकारला’ हा संदेश यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरा संदेश येतो तेव्हा बहुधा कार्ड वाचले गेलेले असते, त्यावरची माहिती बँकेपर्यंत पोहोचलेली असते आणि बँकेने नकार दिलेला असतो. शिल्लक अपुरी, दिवसाची मर्यादा संपली, पिन चुकला, मुदत उलटली, विशिष्ट प्रकारचे व्यवहार बंद ठेवले आहेत, अशी त्याची कारणे असू शकतात. अशा वेळी नवे कार्ड मागवणाऱ्याला आठवडाभराने नवे कोरे कार्ड मिळते आणि तेही नाकारले जाते.

प्रश्न : चिप असताना पट्टीची गरजच काय? माझे कार्ड स्वाइप केले की यंत्र ‘चिप घाला’ असे म्हणते. चिप खराब झाली तर स्वाइप करून भागेल ना?

उत्तर : त्या भरवशावर राहू नये. पट्टीच्या मजकुरात तीन अंकी सेवा-संकेत असतो आणि त्याचा पहिला अंक २ किंवा ६ असेल, तर ‘या कार्डाला चिप आहे, शक्य असेल तेथे तीच वापरा’ असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच यंत्र स्वाइप मान्य करत नाही. चिप वारंवार वाचली गेली नाही, तर काही यंत्रे स्वाइपची परवानगी देतात. परंतु अशा व्यवहाराकडे बँका संशयाने पाहतात आणि पुष्कळदा तो नाकारतात. त्यामागे कारण आहे. पट्टीवरचा मजकूर कायम तोच राहतो, म्हणून तो चोरून दुसऱ्या कार्डावर उतरवता येतो. चिप मात्र प्रत्येक व्यवहारासाठी नवा गुप्त संकेत तयार करते, जो पुढच्या व्यवहाराला कामाचा नसतो. चिप मुद्दाम बिघडवून चोरलेली पट्टी खपवणे ही भामट्यांची जुनी चाल असल्यामुळे प्रामाणिक ग्राहकाची गैरसोय होते, पण नियम रास्त आहे.

पट्टीचे दिवस भरत आलेले आहेत, हेही खरे. नव्या कार्डांवर चुंबकीय पट्टी असण्याची सक्ती २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उठवली जाईल आणि २०३३ पर्यंत, थोडे अपवाद वगळता, आपल्या कोणत्याही कार्डावर पट्टी उरणार नाही, असे मास्टरकार्डने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. तोवर जुन्या यंत्रांसाठी पट्टी सांभाळणे भाग आहे.

प्रश्न : कार्ड खराब झाले म्हणून ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. त्यांनी ‘कार्ड ब्लॉक करू का’ असे विचारले आणि मी हो म्हणालो. त्या क्षणापासून कार्ड बंद, नवे यायला कित्येक दिवस, आणि आल्यावर पाहतो तर क्रमांकच वेगळा! विम्याचा हप्ता, विजेचे बिल, मासिक वर्गण्या, सगळे अडले. यात माझे काय चुकले?

उत्तर : आपले फारसे काही चुकले नाही; चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. हरवलेले किंवा चोरीला गेलेले कार्ड तत्काळ बंद करून नवा क्रमांक देणे आवश्यकच असते, कारण जुना क्रमांक परक्याच्या हाती पडलेला असू शकतो. खराब झालेले कार्ड आपल्याच हातात असते. त्याचा क्रमांक कुणाला कळलेला नसतो, म्हणून ते लगेच बंद करण्याचे कारण नसते. म्हणून फोनवर किंवा अर्जात पहिलेच वाक्य स्पष्ट असावे : ‘कार्ड माझ्याकडेच आहे, हरवलेले नाही, फक्त खराब झाले आहे, मला त्याच्या बदली कार्ड हवे आहे.’ त्यानंतर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नवे कार्ड त्याच क्रमांकाचे असेल की नव्या? जुने कार्ड नेमके कधी बंद होईल, आज, की नवे सुरू केल्यावर? जुना पिन चालेल की नवा घ्यावा लागेल? आणि शुल्क किती पडेल? प्रत्येक बँकेची रीत वेगळी असल्याने आम्ही एकच उत्तर देऊ शकत नाही. पण हे प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला बँका सहसा समजेल असे उत्तर देतात. बँकेच्या ॲपमधून मागणी करत असाल, तर तेथेही ‘हरवले’ आणि ‘खराब झाले’ असे दोन वेगळे पर्याय असतात. घाईत पहिल्यावर बोट ठेवू नये. मात्र कार्ड चोरीला गेल्याचा किंवा त्याची नक्कल झाल्याचा किंचितही संशय असेल, तर ही सगळी चिकित्सा बाजूला ठेवून ते आधी बंद करावे.

क्रमांक तोच राहिला तरी मुदतीची तारीख आणि कार्डाच्या मागे छापलेले तीन अंक (सीव्हीव्ही) बहुधा बदलतात, आणि ते बदलले की ठरलेल्या तारखेला आपोआप जाणारे हप्ते अडखळू शकतात. काही व्यापाऱ्यांकडे नवी माहिती कार्ड-कंपनीमार्फत परस्पर पोहोचते, काहींकडे पोहोचत नाही. म्हणून नवे कार्ड हाती येण्यापूर्वीच मागच्या वर्षभराचे खाते-उतारे पाहून, या कार्डावरून आपोआप कोणाकोणाला पैसे जातात याची यादी काढावी. वर्ष अशासाठी म्हटले, की वार्षिक वर्गणी महिन्या-दोन महिन्यांच्या उताऱ्यात दिसत नाही आणि नेमकी तीच विसरली जाते.

आणखी एक सोय बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कार्ड मोबाइलमधल्या पाकिटात आधीच नोंदवलेले असेल, तर तेथे कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी त्याचा पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, साठवलेला असतो. प्लॅस्टिकची पट्टी पुसली गेली किंवा चिपला तडा गेला, तरी त्या टोकनला काहीच होत नाही. जोवर बँकेने मूळ कार्ड बंद केलेले नाही, तोवर मोबाइल टेकवून पैसे देणे चालू राहते.

प्रश्न : कार्ड कशापासून जपावे, याविषयी इतके सल्ले ऐकले आहेत की डोके चक्रावते. मोबाइलजवळ ठेवू नका, दोन कार्डे पाठीला पाठ लावून ठेवू नका, विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रातून नेऊ नका, गाडीत ठेवू नका, खास पाकीट घ्या. यातले खरे किती?

उत्तर : काही सल्ले अगदी खरे आहेत, काही अर्धवट खरे, तर काही निव्वळ ऐकीव. सर्वांत आधी एक्स-रे. क्ष-किरणांचा चुंबकत्वाशी संबंध नाही, त्यामुळे सामान तपासणीच्या यंत्रातून कार्ड हजार वेळा गेले तरी पट्टी जशीच्या तशी राहते. माणसे ज्या चौकटीतून जातात त्या धातुशोधकाचे क्षेत्रही बँकेच्या कार्डासाठी अगदी दुबळे असते. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राची भीती मात्र अवाजवी नाही. त्याचे चुंबक सामान्यतः १.५ किंवा ३ टेस्लाचे, म्हणजे १५,००० किंवा ३०,००० गॉसचे असते आणि तपासणी चालू नसतानाही ते चालूच असते. त्या खोलीत जाताना कार्डे बाहेर ठेवायला सांगतात, ते तंतोतंत पाळावे.

मोबाइलच्या बाबतीत फरक करायला हवा. साध्या मोबाइलच्या स्पीकरमधले चुंबक लहान असते आणि त्याने कमी जोराची पट्टी बिघडू शकते. बँकेचे कार्ड सहसा तग धरते. परंतु पाठीमागे चुंबकांचे कडे असलेले मोबाइल, चुंबकाने चिकटणारे चार्जर आणि गाडीतले चुंबकी स्टँड यांच्याशी कार्डाचा थेट स्पर्श टाळावाच. मोबाइल आणि चुंबकी चार्जर यांच्यामध्ये क्रेडिट कार्ड किंवा ओळखपत्र ठेवू नये, त्यामुळे पट्टी किंवा टेकवण्याची चिप खराब होऊ शकते, असे ॲपल कंपनीही आयफोनच्या ग्राहकांना सांगते. चुंबकाने मिटणाऱ्या मोबाइलच्या झाकणातच कार्डाचा कप्पा असतो, ती रचना आम्हाला मुळातच विचित्र वाटते : ज्याच्यापासून जपायचे त्याच्याच कुशीत कार्ड रोज झोपवायचे! दुकानांत चोरी रोखण्यासाठी मालाला लावलेली पट्टी निष्प्रभ करणारे जे पाट काउंटरवर असतात, त्यांच्यावरही पाकीट टेकवून ठेवू नये.

दोन कार्डे पाठीला पाठ लावून ठेवल्याने एकमेकांची पट्टी पुसतात, हा समज खरा नाही. एका पट्टीतले चुंबकत्व दुसरीवरचे लिखाण पालटण्याइतके प्रबळ नसते. तरीही सल्ला पाळावा, पण वेगळ्या कारणासाठी. दोन पट्ट्या महिनोन्महिने एकमेकींवर घासल्या की ओरखडे पडतात, आणि मधे वाळूचा कण किंवा नाणे असेल तर अधिकच. आमच्या दृष्टीने कार्डाचा खरा शत्रू चुंबक नसून हे रोजचे घर्षण आणि वाकणे आहे. मागच्या खिशात पाकीट ठेवून दिवसभर बसण्याने कार्ड शेकडो वेळा वाकते. ०.७६ मिलिमीटर जाडीच्या त्या प्लॅस्टिकला वाकण्याची सवय असते, पण त्यात बसवलेल्या चिपला आणि तिच्या केसाहून बारीक तारांना ती नसते. कार्ड बाहेरून धडधाकट दिसते आणि आत जोड तुटलेला असतो.

उन्हात बंद गाडीत कार्ड ठेवल्याने ‘डीमॅग्नेटाइज’ होते, हे म्हणणेही चूक आहे. पट्टीतल्या कणांचे चुंबकत्व केवळ उष्णतेने नाहीसे व्हायला काहीशे अंश सेल्सिअस लागतात. १९६० च्या दशकात आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी यांना चुंबकीय फीत प्लॅस्टिकच्या कार्डावर कशी चिकटवावी हे सुचत नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नीने कपड्यांच्या इस्त्रीने ती बसवून पाहायला सांगितले आणि फीत बसली, अशी या पट्टीची जन्मकथा सांगितली जाते. कार्डाचे प्लॅस्टिक मात्र ८० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि तापलेल्या गाडीच्या काचेखालच्या भागावर तेवढी उष्णता निर्माण होऊ शकते. कार्ड वेडेवाकडे झाले की यंत्राच्या खाचेत ते सरळ बसत नाही. तेव्हा गाडीत ठेवू नये हे बरोबर, कारण तेवढे चुकीचे.

‘खास पाकीट’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा टेकवण्याच्या लहरी अडवणारे असते. त्या लहरी १३.५६ मेगाहर्ट्झच्या असतात आणि धातूच्या पातळ पत्र्याने सहज अडतात. चुंबकाला मात्र ॲल्युमिनियमचा पत्रा अडवू शकत नाही. चुंबकापासून रक्षण करण्यासाठी असे पाकीट घेतले असेल, तर तो खर्च वाया गेला समजावे. टेकवून पैसे चोरले जातील या भीतीने घेतले असेल, तर हरकत नाही; पण टेकवण्याचा पल्लाच मुळी काही सेंटिमीटरचा असतो आणि ॲपमधून ती सोय बंदही ठेवता येते. पातळ, मऊ आणि प्रत्येक कार्डाला वेगळे असे साधे आवरण आमच्या मते याहून जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : चिप खोडरबराने घासली की कार्ड चालू होते, असे मित्राने सांगितले आणि ते झालेही. हे रोज केले तर चालेल का? तसेच कार्ड गळ्यात अडकवता यावे म्हणून कोपऱ्यात भोक पाडू का?

उत्तर : दोन्हींना आमचा नकार आहे. चिपच्या पृष्ठभागावर सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. खोडरबराने मळ निघतो हे खरे, पण त्याबरोबर मुलामाही झिजतो आणि खालचा धातू उघडा पडून अधिक लवकर काळवंडतो. अडल्यावेळी एकदा केले तर आकाश कोसळणार नाही. नेहमीसाठी कोरडे मऊ कापड किंवा थोड्याशा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला कापूस पुरेसा आहे. अल्कोहोल चिपपुरतेच वापरावे. छपाईवर आणि सहीच्या जागेवर ते पसरू देऊ नये.

भोक पाडण्यात धोका असा, की अँटेनाची तार बहुतेक कार्डांत कडेकडेने फिरवलेली असते आणि ती कुठून गेली आहे हे बाहेरून दिसत नाही. एकदा तुटली की ती सांधता येत नाही. कार्डाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करून घेणे हाही असाच अंगाशी येणारा उपाय आहे. त्याने जाडी वाढते, चिपला संपर्क मिळत नाही आणि एटीएमच्या तोंडात कार्ड अडकून बसते.

प्रश्न : ‘तुमच्या कार्डाची चिप जुनी झाली आहे, आजच अपडेट केली नाही तर कार्ड बंद पडेल’ असा फोन आला. बोलणाऱ्याला माझे नाव आणि बँकेचे नाव माहीत होते. नवे कार्ड मागवण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असे तो म्हणत होता. हे खरे असू शकते का?

उत्तर : नाही. चिप फोनवरून अपडेट होत नाही आणि खराब कार्ड बदलण्यासाठी बँकेला आपल्याकडून पिन, मागचे तीन अंक किंवा ओटीपी ऐकून घ्यायची गरज पडत नाही. फोन ठेवावा आणि शंका उरली असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. आलेल्या संदेशातल्या किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर नव्हे. अशा फोननंतर कोणी ‘खराब कार्ड न्यायला’ दारात आला, तर त्याच्या हाती कार्ड देऊ नये, अर्धे कापलेले सुद्धा नाही. चिप शाबूत असेल, तर अर्धे कार्डही चालवता येते.

प्रश्न : परवा लांबच्या प्रवासाला निघायचे आहे आणि आज कार्ड चालेनासे झाले. काय करावे?

उत्तर : आधी वर सांगितल्याप्रमाणे कोणती वाट बंद पडली आहे ते तपासा; केवळ पट्टी गेली असेल आणि जिथे जाणार तिथे चिपची यंत्रे सर्रास असतील, तर प्रवास अडणार नाही. चिप गेली असेल तर शाखेत जाऊन, नाव न छापलेले तयार कार्ड लगेच मिळते का, ते विचारा. काही बँका अशी कार्डे शाखेत ठेवतात. मात्र ते घेतल्याने जुने कार्ड तत्क्षणी बंद होणार का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. मोबाइलमध्ये टोकन घालून घ्या आणि कार्डाशिवाय एटीएममधून पैसे काढण्याची सोय बँकेत असेल, तर ती घरूनच एकदा वापरून पाहा. घरच्या पत्त्यावर येणारे नवे कार्ड आपण नसताना कोण स्वीकारणार, याचाही विचार करा. कार्डाचे टपाली पाकीट बंद राहिले आहे ना, एवढेच त्याने पाहावे. ते उघडायला किंवा कार्ड सुरू करायला सांगू नये. आणि यापुढे प्रवासात दुसरे कार्ड नेत असाल, तर ते पहिल्याच्या शेजारी त्याच पाकिटात ठेवू नका.

प्रश्न : नवे कार्ड आले. जुन्याचे काय करू?

उत्तर : नव्या कार्डाने एक व्यवहार यशस्वी झाल्याशिवाय जुने नष्ट करू नये. त्यानंतर कात्रीने चिप मधोमध कापावी, पट्टी आडवी नव्हे तर उभी, अनेक ठिकाणी तोडावी, आणि क्रमांकाचे व मागच्या तीन अंकांचे तुकडे वेगवेगळ्या वेळी टाकावेत. पट्टी पुसली गेली आहे म्हणून कार्ड निरुपद्रवी झाले असे मानू नये. क्रमांक, मुदत आणि तीन अंक कार्डावर छापलेलेच असतात, आणि जुना क्रमांकच पुढे चालू राहिला असेल, तर त्यातला निदान क्रमांक तरी अजून खरा आहे. धातूचे कार्ड कात्रीने कापण्याच्या फंदात पडू नये. ते बहुधा बँक परत घेते. शाखेत द्यायचे की पाठवायचे, हे नव्या कार्डाबरोबर आलेल्या पत्रात पाहावे किंवा कार्डामागच्या क्रमांकावर विचारावे.